अनामिकेचं कुलूप

निधनवार्तेला आमच्या पानावर चार ओळींची जागा असते. नाव, वय, राहण्याचं ठिकाण, मागे कोण. कुमुद कारखानीस यांची वार्ता त्यांच्या मुलाने, निखिलने, पाठवली तेव्हा ती त्या जागेत नीट बसली. टेलिफोन खात्यातल्या निवृत्त कर्मचारी, माहेर ठाण्याचं, ठाकुर्लीच्या जुन्या रहिवासी, मागे मुलगा, सून, नात. काही कापावं लागलं नाही. मी ती पानावर लावली.

त्यांच्याबद्दल जे सांगायला हवं ते त्या ओळींत नव्हतं. ते इथे लिहितो आहे. लिहिलेलं त्यांना चाललं असतं तेवढंच.

ठाकुर्लीला नव्वद फुटी रस्त्यापासून आत आमची बिनलिफ्टची इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक कुमुदताईंचं आणि एक माझं. माझी ड्युटी संध्याकाळची असल्याने सकाळचा चहा बऱ्याचदा त्यांच्याकडे होई. दार उघडताना त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "काय पत्रकार, काल कोणाच्या घरात डोकावलात?" एरवी त्या मला अरेतुरे करत. हा बहुवचनी आदर फक्त माझ्या धंद्याला होता.

बाई अंगाने बारीक, पण बसण्यात ताठ. आवाज वयाला न शोभणारा स्वच्छ. प्रत्येक अक्षर सुटं. फोनवर त्या 'हॅलो' म्हणत नसत, 'बोला' म्हणत. आणि त्यांची एक सवय पहिल्यांदा पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटे. त्यांच्या घरी बसलेलं असताना पाहुण्याचा फोन वाजला, तर पाहुण्याने बाहेर जायची गरज नसे. त्या स्वतः उठून स्वयंपाकघरात जात आणि नळ सोडत. बोलणं संपलं की नळ बंद होई आणि त्या बाहेर येत. कोणाचा फोन होता, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी सांगू लागलो तर हात वर करत. "तुला आलेला ना? मग तुझ्याजवळ ठेव."

ही सवय नोकरीतली होती. कल्याणच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. त्या काळी बाहेरगावी बोलायचं तर आधी कॉल बुक करावा लागे, मग ऑपरेटर दोन्ही टोकं जोडून देई. दोघं नीट बोलताहेत ना, एवढं ऐकायचं आणि लगेच स्वतः लाइनवरून बाजूला व्हायचं. याला त्यांच्या पाळीतल्या बायका 'कान काढणं' म्हणत. एक बटण मागे सारलं की कान निघाला. न सारलं तर सगळं गाव ऐकू येई. कोणाचा धंदा बुडतोय, कोणाच्या मुलीला नकार आलाय, कोणाला कुठला आजार निघालाय. काही जणी ऐकत. कंटाळवाण्या दुपारी तेवढीच करमणूक. कुमुदताई ऐकत नसत. त्याबद्दल त्यांना अभिमान वगैरे नव्हता. "अरे, न्हाणीघराच्या दारावरून जाताना आपण आत बघतो का? त्यात काय मोठेपणा?" एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या काळातली एक गोष्ट त्यांच्या मैत्रिणीने मला सांगितली. ही मैत्रीण म्हणजे हिराबाई, ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. दोघी एकाच पाळीत, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. कल्याणचा एक कापडवाला एकदा पेढे घेऊन कुमुदताईंच्या घरी आला. त्याची बायको दुपारी नाशिकला कोणाला तरी फोन लावत असे. कोणाला आणि काय बोलते, एवढंच त्याला हवं होतं. कुमुदताईंनी त्याला चहा दिला. मग म्हणाल्या, "मला नंबरच ऐकू येतात हो. माणसं ऐकू येत नाहीत." पेढ्याचा पुडा त्याच्याच पिशवीत परत घातला. "आनि खालपर्यंत पोचवाला पन गेली," हिराबाई हसत म्हणाल्या. "नायतर तो शेजारच्या बाईला विचारल म्हनून."

स्मार्टफोन त्यांच्याकडे उशिरा आला. निखिलने आणला. निखिल घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आईवर त्याचं प्रेम होतं याबद्दल मला कधीही शंका आली नाही. फोन सुरू करून देण्यासाठी तो रविवारी सकाळी आला तेव्हा मी चहाला तिथेच होतो.

"आई, बोट ठेव. दाब. उचल. परत ठेव. आता जरा कडेने."

कुमुदताई आज्ञाधारकपणे बोट ठेवत होत्या. पडद्यावर ठशाच्या रेषा एकेक करून भरत होत्या.

"हा ठसा जातो कुठे?"

"कुठे नाही गं. फोनमध्येच राहतो."

"आणि फोन कोणाचा?"

"तुझाच."

"म्हणजे माझ्याच घरात शिरायला मी स्वतःला दाखवायचं."

"आकडे विसरशील म्हणून, आई. बोट काय कोणी विसरत नाही."

"विसरत नाही, आणि बदलताही येत नाही," त्या म्हणाल्या. "आकडा कोणाला कळला तर दुसरा ठेवता येतो. बोट कळलं तर काय करायचं?" निखिल हसला. मीही हसलो असेन.

त्यांच्या त्या फोनमध्ये निखिलने आपलंही बोट घालून ठेवलं होतं. अडीअडचणीला असावं म्हणून. निखिल आणि त्याची बायको अदिती यांच्या फोनमध्ये एकमेकांची बोटं होतीच. त्यांच्या वयाच्या जोडप्यांत ही एक विश्वासाची खूण समजली जाते. त्यामुळे सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही. काही आठवड्यांनी एका बारशाचे फोटो घ्यायला त्याने आईचा फोन टेबलावरून उचलला आणि सहज उघडला. कुमुदताईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला मोबाइलच्या दुकानात गेल्या. पिशव्या धरायला मी बरोबर होतो.

दुकानातल्या मुलाने सेटिंग उघडून पाहिलं. "आजी, दोन फिंगर आहेत ना ह्याच्यात. एक तुमचं, एक कोणाचं?"

"मुलाचं. ते काढ."

"अरे, पोराचं आहे तर राहू द्या ना! काय प्रॉब्लेम आहे? उद्या काय झालं तर?"

"उद्याचं उद्या. तू काढ."

"घरच्यांपासून काय लपवायचं, आजी?"

कुमुदताईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुझ्या आईला तुझा फोन उघडता येतो का रे?"

मुलगा लाजला आणि त्याने बोट काढलं. शेजारचं गिऱ्हाईक खो खो हसलं. मग कुमुदताईंनी आपलंही बोट काढून टाकायला सांगितलं, आकड्यांचा पिन बदलला आणि दुसरं बोट घातलं. घालताना आमच्याकडे पाठ केली. पायऱ्या उतरताना म्हणाल्या, "कुठलं घातलं ते विचारू नकोस. अंगठा आणि तर्जनी सगळे जण आधी बघतात." मी विचारलं नाही.

आमच्या घरांत आतल्या कपाटाला कुलूप लावणं हा घरच्यांचा अपमान समजतात. बाहेरच्या दाराला लावा, तिजोरीला लावा; पण आईच्या कपाटाला कुलूप दिसलं की सून गप्प होते, मुलगा विचारतो, कोणापासून? निखिलला आपलं बोट गेलेलं कळलं तेव्हा तो रागावला नाही. त्याला वाईट वाटलं. "मी काय परका आहे का, आई?" एवढंच म्हणाला. त्यांनी त्याला वाढलं, दुसऱ्यांदा भात वाढला.

हा प्रश्न इमारतीच्या सभेतही आला. मोलकरणींना आणि दूधवाल्याला फाटकावर चेहरा ओळखून आत सोडणारं यंत्र बसवायचं घाटत होतं. कुमुदताई म्हणाल्या, बसवायचं तर सगळ्यांसाठी बसवा, आपण पण चेहरे देऊ. सेक्रेटरी साठे म्हणाले, "आपण कशाला? आणि दिला तरी काय, ताई? आपल्यासारख्या माणसांकडे लपवण्यासारखं असतं काय?"

"नसतं ना?" कुमुदताई म्हणाल्या. "मग न्हाणीघराला आतून कडी कशाला लावता, साठे?"

सभा हसली. यंत्राचा ठराव बहुमताने मंजूर झाला. ते बसलं, आणि पुढे साठ्यांची कामवाली उन्हात काम करून काळवंडली की तिला ओळखेनासं होई. तेव्हा साठे स्वतः खाली उतरून तिला आत घेत. कुमुदताईंनी त्यांना त्यावरून कधी टोमणा मारला नाही. दुसऱ्याची फजिती बघत थांबणंही त्यांच्या हिशेबात डोकावणंच होतं.

निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अलीकडे तो घरबसल्या फोनवर चेहरा दाखवून देता येतो. त्यांचं ते काम एकदा मी करून दिलं. फोन समोर धरला, पडद्यावर सूचना आली: डोळ्यांची उघडझाप करा. त्यांनी केली. झालं नाही. पुन्हा केली.

"काय म्हणतोय?"

"उजेड कमी आहे म्हणतोय."

"बघ हं. कर्तेपणात सगळा जन्म गेला. आता जिवंत आहे हे पटवायला डोळा मारायची वेळ आली." मग खिडकीशी जाऊन बसल्या आणि फोनला शांतपणे डोळा मारला. त्या वर्षीच्या हयातीवर शिक्का बसला.

त्या फोनमध्ये त्यांना जपायचं होतं तरी काय? पैशांचे व्यवहार त्या बँकेत जाऊन करत. फोटो असत ते नातीचे आणि औषधांच्या चिठ्ठ्यांचे. खरं म्हणजे एकच गोष्ट होती. दुपारचं जेवण झालं की त्यांच्या दाराला आतून साखळी लागे आणि त्या हिराबाईंना बोललेले निरोप पाठवत. हिराबाईंच्या घरी माणसं फार. फोनवर मोकळं बोलता येत नसे. त्या गच्चीवर सुक्या मासळीच्या राखणीला बसत, तिथे कानात वायर घालून निरोप ऐकत आणि तिथूनच उत्तर देत. ही एक्स्चेंजच्या खुर्च्यांवरची दोघींची बडबड होती, ती मध्ये बरीच वर्षं संसारात बंद पडली होती. फोन आल्यावर पुन्हा सुरू झाली. जिना चढताना मला कधी आतून कुमुदताईंचं हसणं ऐकू येई. चारचौघांत त्या तसं हसत नसत. कधी नुसता एकसुरी, लांबलेला आवाज येई, थांबत थांबत. शब्द कळत नसत. मी कुलपात किल्ली मोठ्याने फिरवत असे, म्हणजे त्यांना कळावं की जिन्यात माणूस आहे.

त्यांचे यजमान श्रीधर कारखानीस जाऊन बराच काळ लोटला होता. बाहेरच्या खोलीत त्यांचा फोटो, चंदनाचा हार, तिथीला नवा. सज्जन गृहस्थ म्हणून ते ओळखले जात. कुमुदताई त्यांच्याबद्दल चांगलं बोलत नसत, वाईटही नाही. बोलतच नसत. एकदाच, कुठल्याशा संदर्भात, म्हणाल्या होत्या, "हिराला सगळं माहीत आहे. एका माणसाला खरं माहीत असलं की पुरतं. दोन माणसांना कळलं की ती बातमी होते. तुमच्याकडे लागते तशी." आणि पुढे, नेहमीच्या स्वच्छ आवाजात: "ती पण माझ्या आधी गेली तर मात्र कठीण आहे."

हिराबाई आधी गेल्या नाहीत.

एका सकाळी दूधवाल्याने माझं दार वाजवलं. ताई दार उघडत नाहीत, आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. माझ्याकडे त्यांची एक किल्ली असे. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू पूर्ण गेली होती, वाचा गेली होती. डोंबिवलीच्या एका इस्पितळात आम्ही त्यांना नेलं. निखिल घोडबंदरहून वाहतुकीतून वाट काढत पोचला तेव्हा डॉक्टर दारातच उभे होते.

"कोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्त पातळ करणारी काही घेतात का? लवकर सांगा, त्यावर पुढचं ठरेल."

निखिलला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. चिठ्ठ्यांचे फोटो फोनमध्ये होते. फोन मी घाईत बरोबर आणला होता. निखिल पलंगाशी वाकला. त्याने आईचा उजवा अंगठा लावला. मग तर्जनी. नर्सने बोट कापसाने पुसून दिलं. मग मधलं बोट. फोनने थोडा वेळ थांबायला सांगितलं. मग डावा हात. अंगठा, तर्जनी. पुन्हा थांबणं. आणि मग डाव्या हाताची अनामिका लावल्यावर फोन उघडला.

"सापडलं!" निखिल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चिठ्ठी मिळाली, डॉक्टरांना हवं ते कळलं, उपचार योग्य वेळी झाले. फोन उघडला नसता तर त्या बहुधा त्याच दिवशी गेल्या असत्या. हे स्पष्ट लिहायला हवं.

दोन-तीन दिवसांनी त्यांना नीट शुद्ध आली. सगळं समजत होतं, बोलता येत नव्हतं. मी डबा घेऊन गेलो तेव्हा निखिल आणि अदिती पलंगाशी होते. नातेवाईकांना कळवायचं होतं, सगळे नंबर आईच्या फोनमध्ये. बोटाशिवाय तो उघडत नव्हता, आणि नवं बोट घालायचं तर पिन लागत होता. तो कुमुदताईंच्या डोक्यात, जिथून काही बाहेर येण्याची वाट बंद झाली होती. तेव्हा निखिलने तोडगा काढला होता. आईच्या मेसेजचं ॲप एकदाच घरच्या टॅबवर जोडून घ्यायचं. म्हणजे सारखं सारखं तिचं बोट धरायला नको.

"आई, एकदाच. मग तुला त्रास नाही."

त्याने डावा हात हातात घेतला. कुमुदताईंनी तो ओढला. अंगातली सगळी हालचाल त्या एका हातातच उरली होती, आणि तिच्यात जोर होता.

"आई, मी आहे गं. निखिल."

त्यांनी मूठ आवळली.

"घाबरल्यात," अदिती हळू म्हणाली. "आई, काही नाही हं, झालंच." आणि तिने अगदी हळुवारपणे, लहान मुलाची नखं कापताना धरतात तसं, मनगट धरलं आणि अनामिका मुठीतून सोडवून घेतली. ठसा लागला. टॅब जोडला गेला. कुमुदताई निखिलकडे बघत होत्या. मी तो चेहरा पाहिला. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून ती मूठ मिटली.

इस्पितळातून त्यांना घोडबंदरच्या घरी नेलं. स्वतंत्र खोली, खिडकीतून दिसणारी खाडीची एक पट्टी, दिवसा सांभाळायला बाई. सेवेत काही कमी नव्हतं. व्यायाम करवून घ्यायला एक मुलगी येई. ती मला एकदा लिफ्टपाशी भेटली. "काका, यांचा डावा हात एकदम चांगला आहे हो. तो वापरला ना, तर चमच्याने स्वतः खातील, केस विंचरतील, बेल दाबतील, पाटीवर लिहितीलसुद्धा. पण मूठच सोडत नाहीत. झोपेत पण नाही. नखं रुतून तळव्याला जखमा झाल्यात."

लिहितीलसुद्धा. तो हात उघडला असता तर त्या बोलू शकल्या असत्या. ज्या हाताने त्यांना उरलेलं आयुष्य चालवता आलं असतं, तोच हात त्यांनी कुलूप म्हणून वापरला होता.

आणि त्या कुलपाआड आता काहीच राहिलं नव्हतं. फोन त्यांच्या उशाशी होता, पण काही दिवस बोटावर उघडल्यानंतर त्याने पिन मागितला आणि तो कायमचा कुलूपबंद झाला. निरोप टॅबवर येत. टॅब बाहेरच्या खोलीत, टीव्हीखाली असे.

मी निखिलला म्हणालो, त्यांना बोटाची भीती बसली आहे. सांगून टाक, आता बोट नको.

"का नको, ते पण सांगावं लागेल ना, दादा," तो म्हणाला. "टॅबवर सगळं येतं, हे सांगू? तिला बरं वाटेल ते ऐकून?"

त्याला प्रश्न बरोबर कळला होता.

पुढच्या रविवारी हिराबाईंना भेटायला न्यायचं ठरलं. त्यांना एकट्याने टॉवर सापडला नसता, म्हणून मी ठाण्याला त्यांना घ्यायला गेलो. घोडबंदर रोडवर रिक्षा नेहमीप्रमाणे अडकली. त्यांनी पिशवीतून फोन काढून मला दाखवला.

"रोज धाडते मी तिला. उत्तर नाय येत, पन ऐकते ती. ही बघा ना, निली खून येते. बरा वाटते माला. गप पडलीय बिचारी, पन कान तरी हायेत."

मी त्यांना टॅबचं सांगितलं. निरोप टॅबवर कोणी उघडला तरी निळी खूण येते, हे सांगितलं.

हिराबाईंनी फोन पिशवीत परत ठेवला. "मंग इतकं दिवस मी कोनाशी बोलत व्हते?" त्या म्हणाल्या.

फ्लॅटमध्ये त्या दिवशी पाहुणे होते, अदितीकडचे. हिराबाई कोणाशी न बोलता थेट आतल्या खोलीत गेल्या. "काय गो कुमुद, असा काय झाला तुला," एवढं मला ऐकू आलं. मी बाहेर बसलो. चहा आला. अदितीच्या मावशी कुमुदताईंच्या आवाजाची आठवण काढत होत्या. काय गोड बोलायच्या, रेडिओवर असल्यासारख्या.

"ऐकायचाय?" निखिल म्हणाला. त्याने टॅब मांडीवर घेतला. "मी रोज ऐकतो एखादा. घरात तिचा आवाज नाही, करमत नाही."

त्याने एक निरोप लावला. कुमुदताई हिराबाईंना बोंबिलाचं कालवण विचारत होत्या आणि स्वतःच्या कारखानिशी स्वयंपाकाची थट्टा करत होत्या. सगळे हसले. अदितीने डोळे पुसले. आतली खोली दहा पावलांवर होती आणि दार उघडं होतं.

त्या ॲपमध्ये एक निरोप संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. पुढचा सुरू झाला.

त्यात कुमुदताई आपल्या यजमानांबद्दल बोलत होत्या. त्या लग्नाबद्दल, आणि ते गेले त्या दिवसाबद्दल. आवाज तसाच, प्रत्येक अक्षर सुटं. काय बोलल्या ते मी लिहिणार नाही. पहिल्या वाक्यालाच टॅब बंद करता आला असता. निखिलचा हात उठलाही. पण तो मुलगा होता, आणि आई बाबांबद्दल पहिल्यांदा बोलत होती. तो ऐकत राहिला. मावशींनी कप खाली ठेवला. अदिती एकदा म्हणाली, "निखिल, अरे..." आणि थांबली. निरोप संपला. त्याच्या पुढचा सुरू व्हायच्या आत तिने टॅब त्याच्या मांडीवरून उचलून पालथा ठेवला.

"तरी बाबा कधी आवाज चढवून बोललेले मला आठवत नाहीत," निखिल म्हणाला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

मी उठून आतल्या दाराशी गेलो. कुमुदताई उशांना टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे, खिडकीकडे. त्यांना सगळं ऐकू आलं होतं याबद्दल शंकेला जागा नव्हती. हिराबाई पलंगाच्या कडेवर होत्या. त्यांच्या हातांत कुमुदताईंचा डावा हात होता, आणि तो उघडत होता. आधी करंगळी, मग अनामिका, मग बाकीची बोटं. तळव्यावर नखांच्या चार खुणा, ओल्या.

"नको गो," हिराबाई म्हणत होत्या. "मिट गो. मिट मूठ." त्यांनी ती बोटं आपल्या हातांनी एकेक करून आत वळवली, वरून आपली मूठ दाबून धरली. हात काढल्यावर ती पुन्हा उघडली.

अदिती माझ्या मागून आत आली. बाहेर जे घडलं त्यातून तिला कुठेतरी निघून यायचं होतं. तिने पलंगाकडे पाहिलं आणि थबकली.

"अगंबाई, आईंनी मूठ सोडली! निखिल! अरे, इकडे ये, बघ, आईंनी हात उघडला!"

तिला खरोखरच आनंद झाला होता. निखिल आला आणि दारातच उभा राहिला. आत आला नाही. अदितीने कोपऱ्यातल्या टोपलीतून व्यायामाचा मऊ चेंडू आणला, कुमुदताईंच्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाली, "धरा, आई. दाबा बघू."

चेंडू क्षणभर तिथे राहिला. मग घरंगळून चादरीवर आला, आणि चादरीवरून खाली. हाताने तो धरला नाही, आणि ढकललाही नाही.